बिनटोलाची वाट

साल १७५०च्या आसपासचं धरा. हिवाळ्यातली सकाळ आहे. तुम्ही माहीमच्या किनाऱ्यावर उभे आहात आणि तुम्हाला वांद्र्याला जायचं आहे. वांद्रं समोरच दिसतंय. टेकडी दिसते, तिच्या उतारावरची ताडाची झाडं दिसतात, पलीकडच्या काठावर कुणी जाळं वाळत घालतंय तेही दिसतं. तरी तुम्हाला जाता येत नाही, कारण मधल्या खाडीत पाणी नाही.

पाणी असतं म्हणून माणूस अडतो, अशी आपली समजूत. इथे ते गेल्यामुळे अडलंय. सुकती लागली आहे आणि दोन्ही काठांच्या मध्ये लांबच लांब करडा चिखल उघडा पडलाय. चार पावलं टाकून बघा. पहिल्या पावलाला घोटा बुडतो, दुसऱ्याला पोटरी, तिसऱ्याला गुडघा, आणि चौथं पाऊल उचलायला गेलात की मागचं सुटत नाही. चिखलावर बोटभर लांबीच्या निवट्या उड्या मारत फिरताहेत. तुमची सावली पडली की त्या आपापल्या बिळात शिरतात आणि तुम्ही स्थिर राहिलात की पुन्हा डोळे वर काढतात. पलीकडे खडकांवर बसून दोन कोळणी कालवं फोडताहेत. त्यांना कुठल्या दगडापर्यंत पाय टाकायचा ते ठाऊक आहे. तुम्हाला नाही, म्हणून मागे फिरा आणि किनाऱ्यावर आडव्या पडलेल्या होडीजवळ बसून राहा.

"परवा अवस झाली, आज बीज," तांडेल सांगतो. "पाणी येऊ द्या शेट. मग निघू."

त्याने दिलेलं उत्तर पुरतं आहे, कारण या किनाऱ्यावर तिथी कळली की वेळ कळते. हिशेब सोपा आहे आणि तो आजही कोकणात जुनी माणसं करतात. तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. बीज असेल तर दीडला. म्हणजे सकाळी साडेसातला खाडी पूर्ण रिकामी, आणि होडी तरंगण्याइतकं पाणी यायला नऊ-दहा वाजणार. अवस-पुनवेला उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही बेताचं. तांडेलाकडे घड्याळ नाही. तो उन्हाकडे आणि खडकावरच्या ओल्या रेषेकडे बघून तेच सांगतो. माहीमच्या माणसाचं लग्न, बाजार, आजारपण, वांद्र्याला गेलेल्या लेकीची खबर, सगळं या पाऊणपटीत बसवलेलं आहे. बाळंतिणीला कळा भांगात लागोत की उधाणात, सुईण पाण्याच्या वेळेलाच पोचणार.

पाणी येतं ते आधी आवाज करत येत नाही. चिखलातल्या चरांमधून ते मागच्या बाजूने शिरतं आणि होडीचा तळ हलतो तेव्हा तुम्हाला कळतं. चला, बसा. शेजारी टोपलीत कोंबड्या घेतलेली, गळ्यात क्रूस घातलेली एक बाई आहे. होडीच्या टोकाला एक मुलगा आहे, तो सारखं पाणी उपसतोय.

बसलात की एक गोष्ट ध्यानात घ्या. तुम्ही सरहद्द ओलांडताय. मागच्या काठावर माहीमचा किल्ला, इंग्रज कंपनीचे शिपाई आणि जकातीची चौकी. पुढच्या काठावर पेशव्यांचा अंमल. चिमाजी आप्पांनी १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडून घेतली, तेव्हापासून वांद्रं मराठ्यांकडे आहे. टेकडीच्या टोकाला जो पडका किल्ला दिसतोय तो पोर्तुगिजांनी १६४० साली बांधला होता. मराठे मुंबईच्या इतक्या जवळ येऊन त्यात बसतील या भीतीने इंग्रजांनी तो आधीच पाडून टाकायला लावला. टेकडीवरच्या मारियेची मूर्तीही त्या धामधुमीत खाडी ओलांडून माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये आली आणि पुढे परत गेली, असं सांगतात. म्हणजे या उथळ पाण्यातून तेव्हा देवही होडीनेच ये-जा करत होते. खाडीचं तोंड जिथे समुद्राला मिळतं तिथे लाट आडवी लागते, होडी कलते, बाई टोपलीवर हात ठेवते. कुणी काही बोलत नाही. काठ लागतो, तुम्ही उतरता, आणि तांडेल बजावतो की परतायचं असेल तर ऊन उतरायच्या आत या. नंतर आलात तर पुढच्या पाण्यापर्यंत वांद्र्यालाच थांबावं लागेल.

आता वर्षं भरभर सोडा. १७७४च्या डिसेंबरात इंग्रज ठाण्याचा किल्ला घेतात आणि साष्टी त्यांच्याकडे जाते. १७८२च्या सालबाईच्या तहात ते कायम होतं. सरहद्द पुसली जाते, खाडी मात्र तिथेच असते.

दक्षिणेकडे दगड पडायला लागलेत. मुंबई तेव्हा एक गाव नाही. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशी बेटं आहेत. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या मोठ्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरतं आणि भायखळ्याच्या खालच्या सखल जमिनीत पसरतं. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, १७८०च्या दशकात, त्या खिंडाराला बांध पडतो. तो पुन्हा पुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू माणसाच्या स्वप्नात देवी आली आणि समुद्रातून मूर्ती काढ म्हणाली, मूर्ती निघाली आणि बांध टिकला, ही कथा महालक्ष्मीच्या देवळात आजही सांगतात. मला ती कथा प्रिय आहे, कारण बांध ढासळतो तेव्हा माणसाला काय वाटतं ते तिच्यात नीट उतरलंय. शीवेचा बांध जोनाथन डंकनच्या काळात, १८०५ साली पुरा होतो आणि मुंबई कुर्ल्याच्या बाजूने साष्टीला जोडली जाते. कुलाब्याचा कॉजवे १८३८ साली होतो. त्याआधी कुलाब्याला जाणारेही ओहोटीत खडकांवरून चालत जात आणि उशीर झाला की पाण्यात सापडत.

राहिलं काय, तर माहीम आणि वांद्रं. शीवेवरून, कुर्ल्यावरून लांबचा वळसा घ्यायचा, नाहीतर तांडेलाजवळ जाऊन बसायचं. वांद्र्याचा भाजीपाला, मासे, ताडी, गवत मुंबईला याच तरीने येतं. माहीमच्या मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याला उरुसासाठी येणारे, सप्टेंबरात मारियेच्या जत्रेला जाणारे, सगळे इथूनच.

१८४२ चा पावसाळा. किनारा तोच आहे, पण आज पलीकडचा काठ दिसत नाही. पावसाने तो पुसलाय. नैर्ऋत्येचा वारा खाडीच्या तोंडातून सरळ आत घुसतोय आणि वरून साष्टीच्या डोंगरांचं पाणी खाली धावतंय. दोन्ही पाणी इथे, तुमच्या समोर, एकमेकांवर आदळतंय. माणसं खोळंबलीत. कुणाला थांबता येतं, कुणाला येत नाही. नासणारा माल घेतलेला थांबू शकत नाही, घरी मयत झालेला थांबू शकत नाही. त्या वर्षी इथे वीसेक होड्या उलटल्या असं सांगतात. होडी उलटली की पोहता येणाराही वाचेल याची खात्री नसते, कारण खाली तोच चिखल असतो. पाय टेकला की सुटत नाही.

अशा दुर्घटनांच्या बातम्या आवाबाईंच्या कानावर गेल्या. आवाबाई म्हणजे जमशेदजी जिजीभाईंच्या पत्नी. जमशेदजी नवसारीहून पोरसवदा वयात मुंबईत आले, मामा फ्रामजी बाटलीवालांच्या धंद्यात उभे राहिले आणि त्याच मामांची मुलगी त्यांनी केली. १८४२ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्या मानाचे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यामुळे आवाबाई लेडी जमशेदजी झाल्या. जमशेदजींचा पैसा चीनच्या व्यापारातला होता, कापसाचा आणि माळव्याच्या अफूचा. ज्या पैशाने इथली माणसं बुडण्यापासून वाचली, त्याच व्यापाराने दुसऱ्या देशातली घरं उद्ध्वस्त केली. ही गोष्ट या किनाऱ्यावर उभं राहून म्हणायलाच हवी, आणि ती म्हटल्यावरही आवाबाईंनी जे केलं त्याची किंमत कमी होत नाही, असं माझं मत आहे.

पूल बांधावा अशी मागणी जुनी होती. सरकार खर्च करायला तयार नव्हतं. आवाबाईंनी स्वतःच्या नावाने पैसे देऊ केले. आधी एक लाख रुपये दिले, आणि खर्च फुगत गेला तेव्हा आणखी पन्नास हजारांच्या वर. त्या काळात घरंदाज बाईने स्वतःच्या नावाने एवढं सार्वजनिक काम उभं करणं ही मुंबईत नवीन गोष्ट होती. पण रकमेपेक्षा मला त्यांची अट मोठी वाटते. या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडूनही कधी टोल घ्यायचा नाही. रस्ता सरकारच्या ताब्यात जाईल, पण वाटसरूच्या कमरेची कवडी मोजली जाणार नाही. दान देणारे बरेच असतात. दान दिल्यावर त्याच्या दाराशी कुणी पेटी मांडून बसू नये याची तजवीज करणारे थोडे.

१८४३. काम सुरू झालंय. बॉम्बे इंजिनिअर्सच्या लेफ्टनंट क्रॉफर्डने आराखडा केलाय. तुम्ही पुन्हा सुकतीची वेळ धरून या, कारण मजूरही तीच धरून येतात. बांधाचं काम सूर्यावर चालत नाही, पाण्यावर चालतं. उधाणाच्या दिवसांत खाडी जास्त उघडी पडते, तेव्हा काम धावतं. आज सकाळी दगड टाकायचे, दुपारी पाण्याला काठ द्यायचा, उद्या पाऊण तास उशिराने पुन्हा खाली उतरायचं. डोक्यावर पाटी घेतलेली बाई फळीवरून चालत पुढे येते, दगड ओतते, वळते. तिच्या पाठोपाठ दुसरी. दगड पडतो तिथे चिखल बाजूला सरकतो आणि दगड दिसेनासा होतो. त्यावर आणखी टाकतात, तोही जातो. खाली कठीण तळ लागेपर्यंत किंवा चिखल दाबून घट्ट होईपर्यंत खाडी दगड गिळत राहते. दिवसभराचं काम संध्याकाळी डोळ्यांना दिसत नाही.

बांधाच्या कामातली सगळ्यात अवघड जागा शेवटी येते. दोन्ही काठांकडून भराव पुढे सरकतो तसं मधलं तोंड लहान होत जातं. पण आत शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी तेवढंच असतं. सगळ्या खाडीचं पाणी त्या उरलेल्या तोंडातून जायला बघतं, म्हणून तिथला ओढा रोज वाढतो. कालपर्यंत बसणारा दगड आज वाहून जातो. सगळं तोंड बंद करता येत नाही. पाण्याला वाट ठेवावीच लागते, आणि ती वाट दोन्ही बाजूंनी पक्की बांधून वर पूल टाकावा लागतो. त्या उघड्या तोंडाजवळ उभे राहा आणि ओहोटी लागताना बघा. पाणी दगडांना घासून जाताना त्याचा रंग बदलतो, मधोमध खोलगा पडतो, आणि कडेला फेस गोल फिरत राहतो. पूर्वी इथून तिथपर्यंत पसरून जाणारी खाडी आता एवढ्याशा दारातून जातेय. हे दार लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

१८४५ चा एप्रिल. गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्या हस्ते रस्ता खुला होतो. गाड्या, घोडे, पगड्या, गर्दी सगळं आहे. तो समारंभ मी तुम्हाला फार दाखवणार नाही. समारंभ सगळीकडचे सारखे. त्यापेक्षा पाच महिने पुढे, सप्टेंबरात या.

मारियेची जत्रा आहे. माहीमच्या बाजूने माणसांची रांग बांधावर चढली आहे. ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, पारशी आहेत, मुसलमान आहेत. नवस सगळ्यांचेच असतात. एकाच्या हातात मेणाचा पाय आहे, दुसऱ्या बाईच्या हातात मेणाचं बाळ. कोळणींच्या पाट्यांत फुलं आहेत. पावसाची सर आली तर लोक टोपरी डोक्यावर ओढतात आणि चालत राहतात. बांधाच्या मधोमध एक म्हातारा थांबतो. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला खाडी, पाणी काठोकाठ भरलंय, आणि त्याचे पाय कोरडे आहेत. तिथी कुठली ते त्याला आज कुणी विचारलं नाही. शेकडो वर्षं या दोन गावांचं येणं-जाणं चंद्राच्या ताब्यात होतं. ते एका पावसाळ्यात सुटलं. रस्ते पूर्वीही होते, पूल पूर्वीही होते. पण रात्री बारा वाजता, भर उधाणात, खिशात काही नसताना कुणीही वांद्र्याला जाऊ शकतं, हे याआधी नव्हतं.

तरीचं मात्र काय झालं? होड्या एका दिवसात गेल्या नसतील. पण तांडेलाच्या पोराला उतारूंवर घर चालवता येणार नाही, हे त्या म्हाताऱ्याकडे बघतानाच कळतं. त्याने मासेमारीचा धंदा धरला असेल. खाडीत तेव्हा जिताडा होता, बोय होता, कोलंबी होती.

१८६०च्या दशकात बांधाशेजारून बी. बी. अँड सी. आय. कंपनीचे रूळ खाडी ओलांडतात, म्हणजे पाण्याच्या वाटेत आणखी एक भिंत. गाडीचा वेग लोकांना आवडतो. वांद्र्याला बंगले उठतात.

आणि मग १८९६-९७ चा हिवाळा. या वेळी मला तुम्हाला इथे जास्त वेळ थांबवायचं आहे. सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला, गाठीचा ताप. आता मुंबई रिकामी होतेय. लाखो माणसं शहर सोडताहेत. रेल्वेचे डबे भरलेत, आणि ज्यांना डबा मिळाला नाही किंवा परवडला नाही ते बांधावरून चाललेत. बैलगाडीवर पेट्या, पेट्यांवर गाद्या, गाद्यांवर म्हातारी. मागून चालणाऱ्या बाईच्या कडेवर मूल आणि हातात पितळी तांब्या आहे. गाडीवाला दर वाढवून मागतोय आणि लोक देताहेत. एक तरुण माणूस काखेशी हात दाबून चालतोय आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून सदऱ्यावर कोट चढवलाय. तुम्ही त्याच्याकडे बघता आणि नजर वळवता, कारण तुम्हाला पुढचं ठाऊक आहे आणि त्याला नाही. ताप बांधावर थांबत नाही. तो गाडीतून, गादीतून, धान्याच्या पोत्यातून, उंदरांवरच्या पिसवांतून पलीकडे जातो.

वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांतून आज चाललात तर कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी क्रूस दिसतात. त्यातले पुष्कळ त्या वर्षांत उभे राहिले, प्लेग टळावा म्हणून किंवा टळला म्हणून. लोक त्यांना प्लेग क्रॉस म्हणतात. संध्याकाळी तिथे कुणीतरी मेणबत्ती लावतं, झेंडूचा हार घालतं. ज्या बांधाने जत्रा आणली त्यानेच तापही आणला, हे त्या क्रूसांपाशी उभं राहिलं की टाळता येत नाही. बेटाला पाण्याने जे राखलेलं असतं ते बांध पडला की उघडं होतं. इतकी साधी गोष्ट, पण ती कुठल्याही रस्त्याच्या जमाखर्चात मांडलेली मी पाहिली नाही.

विसावं शतक मी घाईने ओलांडतो. रस्ता रुंदावतो, डांबर पडतं, मोटारी येतात. खाडीत येणाऱ्या नदीचं नाव मिठी. विहारच्या तलावापासून निघून साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला अशी सतराअठरा किलोमीटर वाहत ती माहीमला समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही काठांना वस्त्या येतात, कारखाने येतात, विमानतळाची धावपट्टी तिच्यावरून जाते. १९७०च्या दशकानंतर तिवरांच्या दलदलीत भराव पडून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहतं. खाडीच्या पसरायच्या जागा एकेक करून संपतात.

२६ जुलै २००५, मंगळवार. दुपार. तुम्ही दादरहून एल. जे. रोडने उत्तरेला चालत निघालात. लोकल बंद पडल्यात. एल. जे. म्हणजे लेडी जमशेदजी. या रस्त्यावर दुकानं असलेल्यांनाही हे सांगावं लागतं. पाऊस असा आहे की समोरच्या माणसाची छत्री दिसते, माणूस दिसत नाही. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडणार आहे. कित्येक जिल्ह्यांत पूर्ण वर्षात एवढा पडत नाही.

माहीमचं टोक आलं. गर्दी बांधावर चढते, तुम्हीही चढा. एकमेकांना न ओळखणारी माणसं हात धरून चालताहेत. ऑफिसच्या बायकांनी चपला पिशवीत टाकल्यात. मधोमध या आणि उजवीकडे, खाडीकडे बघा. पौर्णिमा होऊन पाच दिवस झालेत. पाचाची पाऊणपट करा. पावणेचार. भरती त्या दिवशी खरोखरच त्याच सुमाराला होती. वरून मिठीचं सगळं पाणी खाली येतंय आणि खालून समुद्र वर येतोय, आणि दोघांच्या मध्ये ते दार आहे, १८४३ साली तुम्ही ज्याच्याजवळ उभे होता ते. नदीला बाहेर पडायला जागा नाही. ती मागे वळते. कलानगर, कुर्ला, कलिना, क्रांतीनगर, पाणी पहिल्या मजल्याच्या खिडक्यांना लागतं. शेकडो माणसं गेली. गाडीच्या काचा न उघडल्यामुळे गेली, भिंत पडून गेली, उघड्या गटारात गेली.

याचा दोष आवाबाईंच्या बांधावर टाकणं मला मान्य नाही. त्यांनी बांधला तेव्हा आतली खाडी मैलभर पसरायला मोकळी होती. तोंड आवळलं तरी पोट शाबूत होतं. पोट नंतरच्यांनी भरलं, तिवरं तोडून, भराव टाकून, नदीला नाला म्हणून. माधवराव चितळे समितीने पुराची कारणं तपासली, अहवाल दिला, मिठी रुंद आणि खोल करायचं ठरलं, गाळ काढायच्या निविदा निघाल्या. ते काम अजून चालू आहे. ज्या हिशेबापासून त्या जत्रेतल्या म्हाताऱ्याची सुटका झाली, तो हिशेब पाण्याने सोडला नव्हता, आणि शहर चालवणाऱ्यांना तो येत असायलाच हवा होता. पावसाळ्यात महापालिका आता भरतीचं वेळापत्रक छापते, साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस वेगळे दाखवते. वर्तमानपत्रात ते पहिल्या पानावर येतं. कोळीवाड्यातल्या म्हातारीला ते बघावं लागत नाही.

३० जून २००९ ला पश्चिमेकडे, भर समुद्रात, वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. सुमारे साडेपाच किलोमीटर. त्याच्या तारा बांधावरून सुरेख दिसतात आणि संध्याकाळी लोक कठड्याला टेकून बघत उभे राहतात. त्या सेतूवर टोल आहे. तिथे पायी जाता येत नाही, सायकल चालत नाही, स्कूटर चालत नाही, रिक्षा चालत नाही. ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याच्यासाठी माहीमची खाडी आता काही मिनिटांची गोष्ट आहे. मला त्या सेतूचं कौतुक आहे. समुद्रात पाया घेणं खायचं काम नव्हे. पण दोन्ही रस्ते एका नजरेत दिसतात तेव्हा कुठला रस्ता कुणासाठी बांधला हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आता आजच्या दिवशी या. वांद्र्याकडून या. रिक्षावाला बांधाच्या अलीकडे गाडी थांबवतो. "पुढे आपल्याला परमिट नाही काका, इथून टॅक्सी घ्या, नाहीतर चालत जा." शहरात रिक्षा चालत नाही, उपनगरात चालते, आणि हद्द इथे आहे. पैसे द्या आणि चालत निघा.

वास येईल, मिठीचा. नाक दाबू नका, तो वास आपलाच आहे. डावीकडे रेल्वेचा पूल, त्यावरून चर्चगेटची लोकल. खाली काळं पाणी, प्लॅस्टिक, आणि काठाला अजून चिवटपणे उभी असलेली तिवरं. त्यांच्या मुळाशी बगळे आहेत. उजवीकडे माहीमच्या कोळ्यांच्या होड्या नांगरल्यात, आता त्यांना यामाहाची यंत्रं आहेत. बुधवार असेल तर समोरून नोव्हेनाला जाऊन आलेली माणसं येतील, सेंट मायकेल चर्चमधून, हातात मेणबत्त्यांची पुडकी घेऊन. त्यांत निम्म्यांच्या कपाळावर कुंकू असेल. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई तुम्हाला मागे टाकून जाईल. हातगाडीवाला शिवी घालेल, कारण तुम्ही मध्येच थांबलात.

दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी, मुंबईच्या वेशीवर सगळीकडे पुढे टोलनाके आले. या रस्त्यावर नाका कधीच बसला नाही. आवाबाईंची अट अजून पाळली जातेय. हातगाडीवाल्याला वाट द्या आणि चालू लागा.